धोका वाढला, परिपत्रक निघालं: देशोदेशींच्या सतर्कतेवर विनोद कसा लिहावा

या विनोदाचा साचा बहुतेकांच्या ओळखीचा आहे. जगात कुठेतरी धोका वाढतो आणि एकेक देश आपली सतर्कतेची पातळी एक पायरी वर नेतो. पायऱ्यांची नावं मात्र त्या त्या देशाच्या स्वभावावरून पडलेली असतात. कुणी पुस्तिका छापतं, कुणी समिती नेमतं, कुणी जेवणाची सुट्टी संपल्यावर बघू म्हणतं.

प्रकार सोपा वाटतो, म्हणून अनेक जण लिहायला घेतात आणि चौथ्या देशापर्यंत दमतात. ‘अमके लोक असे, तमके तसे’ एवढंच भांडवल बरोबर आणलेलं असतं आणि ते दोन ओळींत संपतं. खरा खजिना सरकारी यंत्रणेत आहे. रंगीत पायऱ्या, भोंग्यांच्या चाचण्या, घरोघर पाठवलेली चुंबकं, ऐन वेळी न आठवणारे पासवर्ड हे सगळं तिथे तयार मिळतं. म्हणून हसू कार्यालयाचं करायचं, लोकांच्या स्वभावाचा फक्त वास येऊ द्यायचा.

आधी शिडी बघा

देश निवडण्याआधी खऱ्या शिड्या कशा चालतात ते पाहून घ्या. अमेरिकेने मार्च २००२ मध्ये पाच रंगांची शिडी काढली: हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, लाल. पुढच्या नऊ वर्षांत देशाची पातळी पिवळ्याखाली एकदाही आली नाही. लाल झाली ती एकदाच, ऑगस्ट २००६ मध्ये, आणि तीही ब्रिटनहून येणाऱ्या विमानांपुरती. एप्रिल २०११ मध्ये सगळी शिडीच मोडीत काढली. हिरव्या आणि निळ्या रंगावर झालेला खर्च कुणी परत मागितला का, हा प्रश्न विनोदासाठी मोकळा आहे.

ब्रिटनच्या पायऱ्या ऑगस्ट २००६ पासून जनतेला जाहीर केल्या जातात. त्याही पाचच: कमी, मध्यम, लक्षणीय, गंभीर, अतिगंभीर. तिसऱ्या पायरीचा अधिकृत अर्थ ‘हल्ल्याची शक्यता आहे’ आणि चौथीचा ‘हल्ल्याची दाट शक्यता आहे’. नागरिकाने या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत नेमकं काय करायचं, याचं उत्तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच असतं: सावध राहा. देशाची पातळी तिसऱ्या पायरीखाली उतरलेली नाही. फ्रान्सच्या ‘विजिपिरात’ या दहशतवादविरोधी सतर्कतेच्या योजनेत २००३ पासून पिवळा, नारिंगी, लाल आणि किरमिजी असे रंग होते, म्हणजे लाल आणि त्याहून लाल. जुलै २००५ मध्ये लाल लागला तो २०१४ मध्ये रंगच रद्द होईपर्यंत राहिला.

तिन्हीकडे एकच गोष्ट दिसते. खालच्या पायऱ्या शोभेच्या असतात, कारण पातळी खाली आणण्याच्या कागदावर कुणाची तरी सही लागते आणि उद्या काही झालं तर बोट त्या सहीकडे जातं. वर नेणाऱ्याला असा धोका नसतो. हे एकदा लक्षात आलं की कोणत्याही देशाची ओळ लिहिता येते, कारण ही भीती सगळ्या देशांच्या कारकुनांत सारखी आहे.

आकड्यांच्या शिडीत एक खड्डा आहे. अमेरिकी सैन्याची ‘डेफकॉन’ शिडी उलटी चालते: पाच म्हणजे शांतता, एक म्हणजे युद्ध दारात. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात अमेरिकेचं स्ट्रॅटेजिक एअर कमांड, म्हणजे अण्वस्त्रवाहू विमानं सांभाळणारा विभाग, दोनवर होतं. ‘परिस्थिती एवढी बिघडली की डेफकॉन पाच लागला’ असं लिहिलंत तर पहिलाच प्रतिसाद चूक दाखवणारा येईल आणि हशा त्याला मिळेल.

एका देशाची नोंद कशी बांधायची

प्रत्येक देशाला जास्तीत जास्त पन्नास शब्द. त्यात तीन भाग. पहिल्या भागात पातळी कशावरून कशावर गेली ते, साधारण पंधरा शब्दांत. दुसऱ्यात एक ठोस तरतूद: वेळ, मुदत, अर्ज, वस्तू. तिसऱ्यात उरलेली पायरी किंवा अपवाद, दहा शब्दांच्या आत. फटका शेवटच्या दोन-तीन शब्दांत बसला पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते इथे कामी येतं: ‘शत्रूने तीन दिवस आधी अर्ज करावा’ या वाक्यात ‘अर्ज’ येईपर्यंत वाचणाऱ्याला काही कळत नाही. हेच ‘अर्ज करावा शत्रूने, तोही तीन दिवस आधी’ असं फिरवलं की फुगा आधीच फुटतो.

स्वित्झर्लंड घेऊन हे जवळून पाहू. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी आदिस अबाबाहून रोमला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान सहवैमानिकानेच पळवलं आणि सकाळी सहाच्या सुमारास जिनिव्हाला उतरवलं. सोबत इटलीची आणि नंतर फ्रान्सची लढाऊ विमानं होती. स्वित्झर्लंडची नव्हती, कारण त्या काळी त्यांचं हवाई दल अशा कामासाठी कार्यालयीन वेळेतच उपलब्ध असे: सकाळी ८ ते १२, दुपारी १.३० ते ५. प्रवासी सुखरूप सुटले, म्हणून यावर हसायला हरकत नाही.

पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘स्विस लोक घड्याळाचे एवढे पक्के की युद्धही वेळेवर करतात.’ ही ओळ पडते. सामान्य विधान आहे, चित्र नाही, आणि घड्याळाचा विनोद वाचणाऱ्याने आधीच ऐकलेला आहे.

दुसरा मसुदा: ‘स्वित्झर्लंडचं हवाई दल फक्त सकाळी ८ ते संध्याकाळी ५ चालू असतं, म्हणजे बघा!’ यात माहिती आली, पण लेखक स्वतःच आधी हसला. ‘म्हणजे बघा’ हा कोपरानं ढोसण्याचा प्रकार आहे. शिवाय जेवणाची सुट्टी गाळली, आणि सगळी गंमत त्या दीड तासात आहे.

तिसरा: ‘आकाशमार्गे येणाऱ्या सर्व धोक्यांना कळविण्यात येते की, स्वीकृतीची वेळ सकाळी ८ ते १२ व दुपारी १.३० ते ५ अशी राहील. दुपारी १२.४० वाजता आलेल्या धोक्याने प्रतीक्षागृहात बसावे.’ आता आवाज कार्यालयाचा आहे, लोकांबद्दल एक अक्षर नाही, तरी देश कोणता ते नाव झाकूनही ओळखू येतं. नाव झाकून वाचण्याची ही चाचणी प्रत्येक नोंदीला लावा. नाव झाकल्यावर तीच ओळ दुसऱ्या तीन देशांना चालत असेल तर ती फाडा.

कच्चा माल

ठोकळेबाज प्रतिमेला खऱ्या घटनेचा टेकू लागतो. सर्वांत चांगला माल दोन प्रकारचा: प्रतिमा तंतोतंत खरी ठरवणारी घटना, किंवा तिला तोंडावर पाडणारी. दुसरा प्रकार जास्त टिकतो.

जर्मनी हे त्याचं उत्तम उदाहरण. काटेकोरपणा ही प्रतिमा. १० सप्टेंबर २०२० रोजी तिथे देशव्यापी इशारादिन ठेवला होता, सकाळी ११ वाजता भोंगे आणि मोबाइलमधल्या अॅपवरचा इशारा वाजायचा होता. अॅपवरचा इशारा सुमारे अर्धा तास उशिरा पोहोचला. भोंगेही अनेक गावांत वाजले नाहीत, कारण शीतयुद्ध संपल्यावर ते काढून टाकलेले होते. इथे वेळेचा विनोद उलटा लावायचा: ‘११ वाजता द्यावयाचा इशारा ११.३० वाजता प्राप्त झाल्यास, नागरिक ११ वाजताच घाबरले होते असे गृहीत धरण्यात येईल.’

बाकीचा माल भराभर सांगतो. स्वीडनने २०१८ मध्ये संकट किंवा युद्ध आल्यास काय करावं याची पुस्तिका सुमारे ४८ लाख घरांत पाठवली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की प्रतिकार थांबवा अशी कोणतीही सूचना आली तर ती खोटी समजावी. फिनलंडमध्ये पन्नास हजारांहून अधिक निवारे आहेत, आणि शांततेच्या काळात त्यांतल्या काहींत पोहण्याचे तलाव आणि खेळाची मैदानं चालतात. गरज पडली तर ७२ तासांत ते रिकामे करून द्यायचे असतात. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये सतर्क राहण्याच्या मोहिमेत घरोघर माहितीपत्रकासोबत फ्रिजला लावायचं चुंबक पाठवलं. त्याच देशाने १९३२ मध्ये पिकं खाणाऱ्या एमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन सैनिक धाडले होते आणि पक्षी पुरून उरले. कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यात हान्स नावाच्या उजाड बेटावरून वाद होता. १९८४ पासून रीतच पडली: एकाने झेंडा लावून व्हिस्कीची बाटली ठेवायची, दुसऱ्याने येऊन झेंडा बदलून आपली मद्याची बाटली ठेवायची. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी बेट वाटून घेतलं. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ च्या मोबाइल इशाऱ्याच्या चाचणीत वेल्श मजकुरातला ‘सुरक्षित’ हा शब्द बिघडला आणि त्या जागी स्लोव्हेनियातल्या एका स्कीइंगच्या ठिकाणाचं नाव उमटलं. यावर विनोद करायला कुणाच्या स्वभावाला हात लावण्याची गरजच नाही.

स्वित्झर्लंडला लागून असलेला चिमुकला लिश्टेनस्टाइन विसरू नका. या देशाने १८६८ मध्ये सैन्य मोडीत काढलं. मार्च २००७ मध्ये सुमारे १७० स्विस सैनिक रात्रीच्या सरावात वाट चुकून त्यांच्या हद्दीत शिरले. तिथल्या लोकांना पत्ताही नव्हता, स्विस सैन्याने कळवल्यावर समजलं.

शिळा माल

काही प्रतिमा टाकून द्या. फ्रान्स म्हणजे शरणागती ही त्यात पहिली. ती १९४० च्या सहा आठवड्यांवर उभी आहे आणि १९१४ ते १९१८ या काळात मेलेले फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक विसरते. त्याहून वाईट म्हणजे ती इतक्यांनी वापरली आहे की ‘फ्रान्स’ हा शब्द वाचताच पुढची ओळ डोक्यात तयार होते, आणि आधी कळलेल्या विनोदाला हसू येत नाही. फ्रान्सवर लिहायचंच असेल तर भोंगे घ्या. तिथे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास भोंग्यांची चाचणी होते, चेकियातही पहिलाच बुधवार. मग ओळ आपोआप सुचते: ‘शत्रूने महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १२ वाजता येऊ नये. गैरसमज होतो.’

जर्मनीच्या जुन्या युद्धांची ओळ, इटलीने बाजू बदलल्याची ओळ, रशिया आणि दारू यांची ओळ: या तिन्हींचं तेच. ज्यांच्यावर सध्या खरोखर बॉम्ब पडत आहेत असा देश तर यादीत घ्यायचाच नाही. तिथल्या माणसाला भोंगा ही चाचणी नसते.

धर्म, वर्ण, निर्वासित यांना स्पर्श झाला की हा प्रकार विनोद राहत नाही, तिथे चर्चा करायलाही जागा नको. आणि यादीत स्वतःचा देश हवाच. मात्र तो शेवटी ठेवू नका, शेवटी ठेवला की लेखक नम्रपणाची टाळी मागतोय असं वाटतं. मध्ये कुठेतरी, इतरांइतक्याच शब्दांत, आणि इतरांइतकाच निर्दयपणे.

भाषा परिपत्रकाची

मराठीला इथे आयती सोय आहे: प्रशासकीय भाषा. ‘याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’, ‘पुढील आदेश होईपर्यंत’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय’, ‘उपरोक्त बाब विचारात घेता’. ही वाक्यं इतकी निर्विकार आहेत की त्यांच्यात काहीही बसवा, ते गंभीर दिसतं. काही नियम पाळा. क्रिया कोण करतंय ते कधी सांगू नका: ‘करण्यात येईल’, ‘घेण्यात आला आहे’. ‘कळविण्यात’ लिहा, ‘कळवण्यात’ लिहिलंत की कागदाचा वास जातो. उद्गारचिन्ह एकही नको, हसरे चेहरे तर नकोतच. एका नोंदीत असं ठेवणीतलं वाक्य एकच, दोन झाली की वाचणारा वाक्यं ओलांडून पुढे पळतो, खऱ्या परिपत्रकात पळतो तसाच.

सगळं जुळल्यावर मजकूर साधारण असा दिसतो (स्वतःच्या देशाची नोंद तेवढी तुम्ही मध्ये घाला):

विषय: सर्वसाधारण धोका वाढल्याबाबत.

स्वीडन: पातळी ‘पुस्तिका वाचावी’वरून ‘पुस्तिका पुन्हा वाचावी’ अशी वाढविण्यात येत आहे. सदर परिपत्रक रद्द झाल्याचे परिपत्रक आल्यास ते खोटे समजावे.

स्वित्झर्लंड: आकाशमार्गे येणाऱ्या सर्व धोक्यांना कळविण्यात येते की, सन २०१४ मध्ये स्वीकृतीची वेळ सकाळी ८ ते १२ व दुपारी १.३० ते ५ अशी होती. त्यावेळी दुपारी १२.४० वाजता आलेले धोके अद्याप प्रतीक्षागृहात आहेत.

फिनलंड: पातळी ‘पोहणे चालू’वरून ‘टॉवेल उचलावा’ अशी करण्यात आली आहे. निवारा रिकामा करण्यास ७२ तास लागत असल्याने शत्रूने तीन दिवस आधी अर्ज करावा.

ऑस्ट्रेलिया: सतर्कतेचे चुंबक फ्रिजवर लावण्यात यावे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी शेजाऱ्याच्या फ्रिजवर लक्ष ठेवावे. एमूंबाबतचे प्रकरण १९३२ पासून प्रलंबित आहे.

लिश्टेनस्टाइन: सैनिक दिसल्यास त्यांना परतीचा रस्ता दाखवावा.

क्रमाकडे लक्ष द्या. पहिली नोंद साचा समजावून देते, म्हणून तिच्यात ‘वरून… अशी’ हे पूर्ण वाक्य आहे. स्वित्झर्लंडची सगळ्यांत लांब नोंद दुसरी, कारण तोवर वाचणारा ताजा असतो. ऑस्ट्रेलियात शिडी टाकून दिली आहे, एव्हाना ती वाचणाऱ्याच्या डोक्यात बसलेली असते. शेवटची सर्वांत छोटी. पाच ते सात देश पुरे. आठवा सुचला तर आधीच्या सातांपैकी सर्वांत अशक्त काढून त्या जागी घाला.

काय बिघडतं

सर्वांत मोठा धोका म्हणजे मजकूर खरा समजला जाणं. तुम्ही लिहिलेली यादी अखंड फिरत नाही. कुणीतरी एका नोंदीचं चित्र काढतं, शीर्षक कापलं जातं, आणि उरतो तो एका देशाच्या नावाचा सतर्कतेचा आदेश. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून लोकांच्या मोबाइलवर गेला आणि तो मागे घेणारा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. इशारा खोटा आहे हे गव्हर्नरांना लवकर कळलं होतं, पण ट्विटरचा पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. सरकारला एवढा वेळ लागतो, तर तुमचा कापलेला मजकूर मागे घेणं कुणाच्याच हातात नाही. म्हणून चालू दिवसाची तारीख, फोन क्रमांक, खरी राजमुद्रा, खऱ्या खात्याचं नाव, खऱ्या शहराचं नाव यांतलं काहीही घालू नका. प्रत्येक नोंदीत एक तरी उघड अशक्य गोष्ट हवी, आणि ती त्या नोंदीच्या आत हवी, शीर्षकात नको. वर फिनलंडच्या नोंदीतला टॉवेल त्यासाठी आहे.

दुसरी बाब वेळेची. हल्ला झाला, माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी यादी आली तर ती कितीही सौम्य असो, घाणेरडी दिसते. याला अपवाद असतो, पण त्याची अट कडक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रसेल्स शहर सर्वोच्च सतर्कतेखाली बंद होतं. पोलिसांनी विनंती केली की चालू कारवाईची माहिती समाजमाध्यमांवर टाकू नका. लोकांनी त्याऐवजी मांजरांची चित्रं टाकायला सुरुवात केली, इतकी की कारवाईची माहिती त्याखाली गाडली गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मांजरांच्या खाण्याने भरलेल्या वाडग्याचं चित्र टाकून आभार मानले. हे चाललं, कारण विनोद करणारे स्वतःच घरात कोंडलेले होते, त्यात कुणाची थट्टा नव्हती आणि कामाला मदतच झाली. तुम्ही दूर बसून लिहीत असाल तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि तेव्हा काही आठवडे थांबलेलं बरं.

तिसरी गोष्ट नावाची. असा मजकूर फिरता फिरता लेखकाचं नाव गळतं आणि एखाद्या प्रसिद्ध विनोदी नटाचं चिकटतं. ते टाळायचं तर नाव खाली सहीसारखं न ठेवता मधल्या एखाद्या नोंदीत गुंफा, ‘हरकती अमुक यांच्याकडे तीन प्रतींत सादर कराव्यात’ अशी. कापणारा सही कापतो, विनोद कापत नाही.

शेवटचं काम वर्षातून एकदा करायचं. मालाची मुदत संपते. स्वित्झर्लंडची लढाऊ विमानं २०२० च्या अखेरीपासून चोवीस तास तयार असतात, म्हणून वरच्या नोंदीत ‘सन २०१४ मध्ये’ आणि ‘होती’ हे शब्द आहेत, ते काढले तर नोंद खोटी होते. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेले, त्यामुळे त्यांच्या तटस्थपणावरच्या सगळ्या ओळी बाद. हान्स बेटाचा वाद मिटला आहे, तिथे आता भूतकाळच वापरावा लागेल: ‘बाटल्यांचा उर्वरित साठा दोन्ही पक्षांत समान वाटण्यात आला.’ जी ओळ अशी दुरुस्त होत नसेल ती काढून टाका. जागा भरायला नवा देश सापडला नाही तर चारच ठेवा.